सोळा ट्रॅक राहू देत, आधी चार आवाज

अगं, तुझं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. सोळा ट्रॅक लावलेत म्हणतेस, मला जेमतेम तीन-चार ऐकू आले, बाकीचे एकमेकांच्या अंगावर पडलेत. रागावू नकोस, तुझ्या वयात मीही हेच करायचो.

आता थोडे दिवस लॅपटॉप बंद आणि व्हिक्टोरियाचं 'ओ मॅग्नुम मिस्टेरियुम' हे लॅटिन चर्चगीत घे. व्हीटी स्टेशन नको आठवूस, हा संगीतकार तोमास लुईस दे व्हिक्टोरिया, स्पेनमधल्या आविलाचा, लहानपणी तिथल्या कॅथेड्रलमधे गायचा, मग रोमला शिकायला गेला आणि १५७५ मधे प्रीस्ट झाला. हे गाणं १५७२ मधे छापलं, येशू गोठ्यात जन्मला आणि जनावरांनी त्याला पाहिलं एवढाच विषय आणि आवाज फक्त चार. सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरचा आवाज, एकटीच सुरू करते, आपल्या भाषेत प, सा, प, प, कोमल ध, प, बस, आणि ती पुढे सरकते तोवर आल्टो, म्हणजे तिच्या खालचा आवाज, तेच खालून उचलते. तो कोमल ध नीट ऐक, सगळं आश्चर्य त्या अर्ध्या सुरात आहे. नंतर 'ओ बेआता विर्गो' (हे धन्य कुमारी) या शब्दांना चौघं एकदम एका तालात बोलतात आणि अंगावर काटा येतो.

आणि हे गायचे कसे माहितीये का, प्रत्येकाच्या हातात फक्त आपल्याच ओळीचं पुस्तक, मात्रांचे गट दाखवणाऱ्या उभ्या रेघा, बार लाइन, नाहीत, बाकीचे काय करतायत ते कानांनीच कळायचं. मी पहिल्यांदा टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गायलो तेव्हा समोर पूर्ण स्कोअर, म्हणजे चारही ओळी एकत्र, होता, मी बोटांवर मात्रा मोजत शेजारच्याची ओळ वाचत बसलो आणि एक मात्रा आधीच घुसलो, नेमका सगळे एकदम हळू झालेले तेव्हा.

त्याच काळातल्या रोमच्या पॅलेस्ट्रिनाने शंभराच्या वर मास, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेचं संगीत, लिहिले, याने वीसेक. त्यातला एक तर याच गाण्यातून काढला, वीस वर्षांनी, १५९२ मधे! तुला दर आठवड्याला नवीन धून लागते. माद्रिदमधे ज्या सम्राज्ञी मारियाचा हा चॅपलेन, म्हणजे खासगी धर्मगुरू, होता ती १६०३ मधे गेली, तेव्हा तिच्यासाठीच्या रेक्विएममधे, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेत, याने सहा आवाज घेतले, पण ज्याच्यावर सगळा डोलारा उभा तो जुना चँट, म्हणजे चर्चची एकसुरी पारंपरिक धून, दुसऱ्या सोप्रानोकडे, आतल्या बाजूला. तू मेन धून कायम सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्याने ठेवतेस, ते यामुळे आठवलं.

तर रविवारपर्यंत फक्त आल्टोची ओळ गाऊन पाठव, इफेक्ट न लावता. मागे पंख्याचा आवाज आला तरी चालेल.