स्विफ्ट, व्हिस्टा आणि पुंटो या डिझेल गाड्यांचं इंजिन खरंच एकच आहे का? मग जुनी घ्यायची तर कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं साताऱ्याला, महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर फिरणं, बजेट मर्यादित, अ‍ॅव्हरेज किती मिळेल हेही हवंय. तीन डिझेल गाड्या बघून ठेवल्यात, तिन्ही २०१३ च्या. मारुती स्विफ्ट, टाटा व्हिस्टा आणि फियाट पुंटो ९० एचपी. एजंट म्हणतो, "इंजिन सगळ्यांत एकच आहे साहेब, कुठलीही उचला."

एजंट खोटं बोलत नाहीये, पण पूर्ण खरंही सांगत नाहीये. डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हे इंजिन मी सगळ्यात जास्त वेळा उघडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन मूळचं फियाटचं. १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. २००३ मध्ये पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावाच्या कारखान्यात ते बनायला लागलं. तेव्हा इंजिनांच्या धंद्यात फियाट आणि जनरल मोटर्सची भागीदारी होती, त्यामुळे ओपेलच्या कोर्सालाही ते मिळालं. पुढे सुझुकीने घेतलं, फोर्डच्या दुसऱ्या पिढीतल्या 'का'मध्ये बसलं, प्यूजो-सिट्रोएनच्या छोट्या व्हॅनमध्येही गेलं. २००५ साली एक ते १.४ लिटरच्या गटात 'इंजिन ऑफ द इयर' पुरस्कारही मिळाला. लांबी जेमतेम अर्धा मीटर. म्हणून छोट्या हॅचबॅकच्या बॉनेटखाली ते आडवं सहज बसतं.

आपल्याकडे २००७ च्या सुरुवातीला डिझेल स्विफ्ट आली आणि तिचं इंजिन हरियाणातल्या मानेसरला बनायचं. फियाट आणि टाटाने भागीदारीत रांजणगावचा कारखाना चालवला, तिथेही हेच इंजिन. मग २०११-१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलच्या भावात एवढं अंतर पडलं की जो तो डिझेल मागायला लागला. मानेसरचं उत्पादन पुरेना. तेव्हा मारुतीने फियाटशी करार केला, वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं रांजणगावहून घ्यायचा. म्हणजे तुम्ही बघताय त्या काळातल्या काही स्विफ्टमधलं इंजिन शिरूर तालुक्यातलंच आहे, पुंटोच्या शेजारी जन्मलेलं.

नावं मात्र प्रत्येकाने आपापली लावली. मारुतीचं डीडीआयएस, टाटाचं क्वाड्राजेट, शेवरोलेच्या सेलमध्ये स्मार्टेक, फियाटचं मल्टिजेट. प्रीमियर रिओमध्येही शेवटी हेच आलं.

इथेच एक सापळा आहे. व्हिस्टा दोन डिझेल इंजिनांत मिळायची. मागे 'क्वाड्राजेट' लिहिलेली आपली १.३, आणि 'टीडीआय' लिहिलेली म्हणजे टाटाचं स्वतःचं जुन्या इंडिकातलं १४०५ सीसी. ते इंजिनही चार सिलिंडरचंच, राबायला चिवट, पण कॉमन रेल नाही, आवाज जास्त आणि दमही कमी. एजंटला हा फरक माहीत नसतो, किंवा माहीत नसल्यासारखं तो दाखवतो. बॅजवर विसंबू नका, आरसी बुकात सीसी बघा. १२४८ असेल तरच पुढे बोला.

आता जरा आकड्यांची गंमत. पिस्टनचा व्यास ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८२ मिलिमीटर. गुणाकार केला की एका सिलिंडरचे ३१२ सीसी येतात, चारांचे १२४८. आणि तीनच घेतले तर? ९३६. शेवरोले बीट डिझेलचं इंजिन बरोबर ९३६ सीसीचं होतं! याच इंजिनाचा एक सिलिंडर कमी करून केलेला तो धाकटा भाऊ. तीन सिलिंडरांमुळे न्यूट्रलमध्ये जरा थरथरायचा, बाकी गुण घरचेच.

मल्टिजेट म्हणजे काय, हे विचारणारे बरेच भेटतात. जुन्या डिझेलमध्ये पंप एकदाच दाबाने डिझेल मारायचा, ते सगळं एकदम पेटायचं आणि तो ओळखीचा खडखडाट यायचा. कॉमन रेलमध्ये डिझेल एका नळीत हजार बारच्याही (हवेच्या दाबाच्या हजारपट) वर दाबाने तयार ठेवलेलं असतं आणि इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. ही पद्धत गाडीत पहिल्यांदा विकायला आणली तीही फियाट गटानेच, १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ मधून. मल्टिजेटने पुढची पायरी गाठली. एका स्ट्रोकमध्ये एकदाच न मारता आधी थेंबभर, मग मुख्य मात्रा, मग पुन्हा थोडं, असे पाचपर्यंत तुकडे. आधीच्या थेंबाने सिलिंडर तापून तयार होतो, मुख्य मात्रा धाडकन न पेटता पसरत जळते. आवाज कमी, धूर कमी, अ‍ॅव्हरेज जास्त.

याचा दुसरा अर्थ असा की इंजेक्टर नाजूक असतात. पाणी किंवा कचरा असलेलं डिझेल त्यांना चालत नाही. डिझेल फिल्टर वेळेवर बदलायचा, पावसाळ्यात त्यातलं पाणी काढायचं. इंजेक्टर बदलायची वेळ आलीच तर नव्यावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. "तसंच बसवून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून उठून या.

मग एकच इंजिन तर फरक कशाचा? मुख्यतः टर्बोचा. ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) इंजिनात साधा टर्बो असतो. एक्झॉस्टचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचा, जोर पुरेसा झाला की तो फिरून हवा कोंबतो, जोर नसेल तर नुसता बसून राहतो. ९० पीएसच्या इंजिनात व्हीजीटी, म्हणजे टर्बोच्या आत हलणाऱ्या पात्या असतात. वेग कमी असताना त्या वाट अरुंद करतात, त्यामुळे कमी एक्झॉस्टमध्येही टर्बो लवकर जागा होतो. आकड्यांत सांगायचं तर स्विफ्टला ७५ पीएस आणि १९० न्यूटनमीटर टॉर्क (ओढायचा जोर), मारुतीच्याच सियाझला आणि ब्रेझाला ९० पीएस आणि २०० न्यूटनमीटर. पुंटो ९० एचपीला ९३ पीएस आणि २०९ न्यूटनमीटर. मारुतीत ढोबळ हिशेब असा: स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, बलेनो यांना साधा टर्बो, एसएक्स४, अर्टिगा, सियाझ, एस-क्रॉस, ब्रेझा यांना व्हीजीटी. टाटात बहुतेक व्हिस्टांना ७५ चं, डी९० नावाच्या व्हिस्टाला ९० चं, आणि झेस्टमध्ये दोन्ही.

साताऱ्याचे आहात म्हणून यवतेश्वर घाटाचंच उदाहरण देतो. वळणावर वेग पडला, तिसरा गिअर तसाच राहिला आणि इंजिन २००० आरपीएमच्या खाली आलं की स्विफ्ट क्षणभर मेल्यासारखी होते. तुम्ही पाय दाबता, काहीच होत नाही. आणखी दाबता, आणि मग अचानक सगळा जोर एकदम येतो. लोक याला इंजिन खराब समजतात. तो टर्बो लॅग आहे, या इंजिनाचा जन्मजात स्वभाव. उपाय एकच, वळणाच्या आधीच दुसरा टाकायचा. आठवड्याभरात हाताला सवय होते. क्लच घासत, आरपीएम धरून घाट चढायची सवय मात्र लावून घेऊ नका, क्लच प्लेटचा खर्च हलका नाही. व्हीजीटी असलेल्या पुंटोत हा खड्डा पूर्ण जात नाही, पण बुजतो बऱ्यापैकी, आणि हायवेला ट्रक ओलांडताना वरचे १५-१८ पीएस चांगलेच जाणवतात.

आता ज्यामुळे हे इंजिन टिकतं किंवा मरतं ती गोष्ट: ऑइल. यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. "चेन म्हणजे आयुष्यभर बघायला नको" असं शोरूमपासून सगळे सांगत आले. पण ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. व्हॉल्व्हचं अंतर सांभाळणारे टॅपेटही हायड्रॉलिक, तेही ऑइलवरच. आणि टर्बोचं बेअरिंग मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. हे तिन्ही एकाच ऑइलवर जगतात. ते काळं, घट्ट झालं की दाब उशिरा बनतो, टेन्शनर ढिला राहतो, चेन आपटते, ताणली जाते. फार ताणली तर दात सोडते, आणि मग पिस्टन आणि व्हॉल्व्हची गाठ पडते.

असं एक इंजिन आमच्याकडे आलं होतं. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. मालकाची तक्रार एवढीच, की सकाळी सुरू करताना दोन-चार सेकंद खडखड होते, मग थांबते. ड्रेन बोल्ट काढला तर ऑइल धार धरून आलं नाही, काकवीसारखं ओघळलं. संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, उतरवल्यावर ऑइल ओढणाऱ्या जाळीवर काळा चिखल, निम्मी जाळी बंद. चेनच्या गाइडला खोल चर पडलेले आणि प्लास्टिकचा एक तुकडा संपमध्ये पडलेला. चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट, सगळा संच बदलला म्हणून इंजिन वाचलं. मालक आणखी महिनाभर तसेच फिरले असते तर हेड उतरवावं लागलं असतं.

म्हणून या वयाच्या इंजिनाला कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले दहा किंवा पंधरा हजार किलोमीटर मी मानत नाही. साडेसात हजाराला ऑइल आणि फिल्टर, तेही सांगितलेल्या ग्रेडचंच. आणि लांबून आल्यावर किल्ली लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट न्यूट्रलला चालू ठेवा, टर्बोला तेवढं ऑइल मिळू द्या.

अ‍ॅव्हरेजचं सांगतो, कारण तुम्ही विचारलंय. जाहिरातीतले आकडे सोडून द्या. २०१७ च्या डिझायरचे चाचणीतले २८.४ आणि सियाझच्या हायब्रिडचे २८.०९ हे याच इंजिनाचे, पण रस्त्यावर तेवढे मिळत नाहीत. नीट ठेवलेली स्विफ्ट हायवेला वीस-बावीस देते, गावात सोळा-सतरा. पुंटो अंगाने जड, तिला त्यातून दोन-तीन वजा करा. व्हिस्टा मध्ये कुठेतरी. कुणी ताकद वाढवायला ईसीयूचं 'रिमॅप' करून ठेवलं असेल तर मात्र ती गाडी सोडून द्या; आधीच्या मालकाने तिला कशी हाणली असेल ते त्यावरूनच कळतं.

आपल्याकडे या इंजिनाचं उत्पादन बंद झालं ते नियमांमुळे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं, आणि छोट्या डिझेलला काजळीचा फिल्टर वगैरे लावायचा खर्च गाडीच्या किमतीत बसेना. मारुतीने डिझेलच सोडलं. सुटे भाग मात्र अजून चिक्कार मिळतात, कारण एवढ्या गाड्या रस्त्यावर आहेत.

तुमच्या तिघींबद्दल माझं मत. चालवायला सगळ्यात मजा पुंटोत: स्टिअरिंग हायड्रॉलिक, खड्ड्यांत बूड घट्ट, आणि इंजिनाचं हे सगळ्यात चांगलं रूप. पण फियाटने इथून गाशा गुंडाळलाय. इंजिनाचं सामान मिळेल, बंपर, हेडलाइट, दाराचं हँडल यासाठी मात्र पुण्याच्या चकरा पडतील. ते झेपत असेल तर जरूर घ्या, भावही पाडून मिळेल. क्वाड्राजेट व्हिस्टा जागेला सगळ्यात ऐसपैस, किमतीला सगळ्यात स्वस्त, फिटिंग ढिली. रोजच्या कामाला आणि पुढे विकायला स्विफ्ट. तुमच्या जागी मी असतो तर ज्या गाडीची सर्व्हिस हिस्टरी सलग मिळेल ती घेतली असती, मग बॅज कुठलाही असो. चॅसी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये ती काढून मागा. मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच उघडं पडतं.

एक हिशेब विसरू नका. २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपणार. पुढे आरटीओत पासिंग करून पाच वर्षांचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. भाव करताना हे धरा. आणि दिल्लीची गाडी एनओसीवर आणलेली असेल तर इथला रोड टॅक्स भरलाय का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागली तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू करताना कान समोर ठेवा. खडखड दोन सेकंदांत थांबली नाही तर चेनच्या संचाचा खर्च भावातून वजा करा. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. ते थुईथुई नाचून उडायला लागलं, किंवा आतून धुराचा झोत आला, तर चेन-टर्बोची चौकशीही करू नका, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. चहा प्या आणि परत या.