मणक्याजवळच्या लसिकावाहिन्या शिकताना
आधी थोरॅसिक डक्ट, म्हणजे लिम्फ (लसिका) वाहून नेणारी शरीरातली सर्वांत मोठी नळी, पक्की कर. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर सिस्टर्ना कायली, म्हणजे या डक्टच्या सुरुवातीची पिशवी, असते. पुस्तकातली ठसठशीत पिशवी मात्र दिसेलच असं नाही, अनेकांत नुसतं वाहिन्यांचं जाळं सापडतं. तिथून डक्ट टी १२ (छातीचा बारावा मणका) पाशी एओर्टाबरोबर (महाधमनी) छातीत शिरते, एओर्टा आणि अझायगस व्हेनच्या (मणक्याच्या उजवीकडची शीर) मधून चढते, टी ५ च्या आसपास डावीकडे वळते. हे वळण घोटून घे: त्याखाली इजा झाली तर कायल (आतड्यांकडून येणारी दुधाळ लसिका) छातीत बहुधा उजव्या बाजूला साठतो, वर झाली तर डाव्या. डिसेक्शनमध्ये ती अन्ननलिकेमागे शोध, पातळ आणि मण्यांच्या माळेसारखी.

कण्याच्या आतल्या लसिकावाहिन्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये शोधत बसू नकोस. २०१९ मध्ये उंदरांत त्या मुख्यतः ड्युराबाहेर (मज्जारज्जूचं सर्वांत बाहेरचं आवरण), म्हणजे एपिड्युरल जागेत दाखवल्या गेल्या.