‘प्रकाशसक्रिय धातू’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘प्रकाशसक्रिय धातूंची कर्करोगावर मात’ या मथळ्यातला पहिला शब्द बरोबर आहे का, आणि हाच तो ‘शेक’ का?

शेकाचं आधी सांगतो. नाही. शेक म्हणजे किरणोपचार. तिथे किरणच पेशी मारतात. मथळ्यातल्या उपचारात धातूचं संयुग असलेलं औषध देऊन त्यावर उजेड टाकतात. तो बहुधा साधा हिरवा किंवा तांबडा असतो, आणि एकटा काहीच करत नाही. औषधही अंधारात गप्प असतं. दोघांची गाठ पडली की काम होतं.

व्याकरणात खोट नाही. प्रकाशाने सक्रिय, सरळ तृतीया तत्पुरुष. पण ‘सक्रिय’ म्हटलं की सक्रिय कार्यकर्ता आठवतो, म्हणजे सदा कामात असलेला. या औषधाचा तर सगळा डाव उजेड पडेपर्यंत गप्प बसण्यावर आहे. आपल्याकडे ‘सूर्यविकासी कमळ’ आहे. त्यात उमलणं आणि उमलण्याचं कारण, दोन्ही येतं.

शिवाय ही औषधं एका जातीची नाहीत. कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगावर चाचण्या चाललेलं टीएलडी-१४३३ हे रुथेनियम या धातूचं संयुग आहे. मूत्राशयात औषध भरायचं, ते धुऊन काढायचं आणि मग आत हिरवा प्रकाश सोडायचा. संयुग प्रकाशाची ऊर्जा घेऊन शेजारच्या ऑक्सिजनला देतं, तो ऑक्सिजन पेशी जाळतो आणि संयुग पुन्हा ऊर्जा घ्यायला मोकळं. याला ‘प्रकाशसंवेदक’ म्हणतात खरं, पण तो शब्द मला रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्या उपकरणाचा वाटतो. ब्रिटनमध्ये पीटर सॅडलर यांच्या गटाने केलेली प्लॅटिनमची अझाइड (तीन नायट्रोजन अणूंचा गट असलेली) संयुगं वेगळी. उजेड पडला की ती स्वतःच फुटतात आणि त्यातून पेशीला मारक प्लॅटिनम सुटतं. त्यांना ऑक्सिजनची गरज नाही. ‘प्रकाशसक्रियित’ हा जडजंबाल शब्द शोभलाच तर यांना.

बातमीत मी समास करणारच नाही. ‘उजेड पडल्यावर काम करणारी धातुसंयुगे’ असं लिहीन. जागा जास्त लागते, लागू दे. ‘मात’ मात्र काढाच, चाचण्या चालू असताना मात कसली?

आणि नुसतं ‘धातू’ही नको. ही धातूची संयुगं आहेत, भुकटी नव्हे. सुटा ‘धातू’ दीर्घ, पण समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्व: धातुसंयुग.