शेवटचं अर्धं पान काढ

प्रिय —,
प्रभूमध्ये सलाम.

तुझी गोष्ट मिळाली, चिठ्ठीही. तरुण संघात कुणीतरी तुला 'पूर्ण प्रीती भीती घालवून देते' हे वचन ऐकवलं आणि भुताखेतांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांच्या मनात प्रीती नसते, असा निकालही देऊन टाकला. ते सोडून दे. वचनांनी टाळकी फोडणारे आमच्याही मंडळीत होते. मी अडकले ती तुझ्या शेवटच्या ओळींपाशी. रात्री लिहायला बसलं की सैतान खराखुरा वाटतो, देव तेवढा खरा वाटत नाही, मग मी कसली विश्वासणारी, असं तू विचारलं आहेस.

हे तुला गोष्ट लिहिताना कळलं. इतकी वर्षं संडे स्कूलला जाऊन कळलं नव्हतं. मग गोष्टीनं तुझं वाईट केलं की भलं?

'ड्रॅक्युला' तू वाचली आहेस असं धरून चालते. रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची 1897 ची कादंबरी, लिहिणारा ब्रॅम स्टोकर डब्लिनचा प्रोटेस्टंट. त्यातला जोनाथन हार्कर चर्च ऑफ इंग्लंडचा. ट्रान्सिल्व्हेनियातल्या खाणावळीतली म्हातारी त्याच्या गळ्यात क्रूस असलेली रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ, घालते तेव्हा तो अवघडतो, कारण असल्या वस्तू म्हणजे मूर्तिपूजा असं त्याला शिकवलेलं. पुढे ड्रॅक्युलाच्या वाड्यात कोंडला गेल्यावर तोच क्रूस चाचपून त्याला धीर येतो, आणि असं का व्हावं ते त्याला उमगत नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण घरात बाळंतीण असली की पवित्र शास्त्र तिच्या उशाखाली असायचं. पाळकसाहेब रागवायचे. शेजारणी सुरी ठेवायच्या, आजी शास्त्र ठेवायची. बाप्तिस्मा होऊन जमाना झाला होता, सटवाईची भीती मात्र घर सोडून गेली नव्हती. आजीला मी अविश्वासी म्हणू का? नाही म्हणणार.

त्याच कादंबरीत याहून भयंकर जागा आहे, आणि ती दातांची नाही. हार्करच्या बायकोचं, मिनाचं, रक्षण व्हावं म्हणून पिशाच्चाच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग तिच्या कपाळाला पवित्र भाकर टेकवतो आणि कातडी भाजते. तिचा काय दोष? तिच्यावर तर ड्रॅक्युलानं जबरदस्ती केलेली. तरी पवित्र वस्तूचा चटका तिलाच, आणि ती 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडते, लेवीयच्या पुस्तकात कुष्ठरोग्याला ओरडायला सांगितलंय तसं. आपल्यासारख्यांची खरी भीती इथे आहे. भूत येईल याची कसली! प्रभूच्या मेजाशी जाऊ आणि तिथूनच हाकललं जाऊ, याची. प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावरून न उठणाऱ्या बायका तू पाहिल्या असशील. त्यांच्यावर लिही कधीतरी.

आता तुझी नर्स. बंद वॉर्डातली पावलं ऐकू येऊ नयेत म्हणून ती गोळ्या मोठ्यानं मोजते, मोजदाद चुकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते. तिथे मी उठून पॅसेजमधला दिवा लावला, खोटं कशाला बोलू. आणि शेवटच्या अर्ध्या पानात काय? ती गुडघे टेकते, प्रार्थना करते, पावलं थांबतात, उजाडतं, चर्चची घंटा वाजते. कुणासाठी लिहिलंस हे? त्या तरुण संघवाल्यासाठीच ना! काढ ते. भिऊ दे तिला.

प्रार्थना करू दे की, मी नको म्हणत नाही. पण पावलं थांबवू नकोस. गेथशेमाने बागेत प्रभूनं प्रार्थना केली, दुःखाचा प्याला टळला का? प्रार्थनेनंतरही पावलं येतच राहिली तर ती काय करते, ते मला वाचायचंय. 1973 चा 'द एक्झॉर्सिस्ट' हा सिनेमा बघ, भूत लागलेल्या मुलीचा. आपल्या हिंदी भुताच्या सिनेमांतले क्रूस उगारणारे फादर बघून लोकांना वाटतं की तिथेही तसंच असेल. तिथे विधीनं काम होत नाही. भूत काढायला आलेल्या दोन फादरांपैकी म्हातारा मेरिन मध्येच मरतो. आईच्या मरणानं खचलेला, श्रद्धा डळमळलेला दुसरा फादर कॅरस भुताला 'मला धर' म्हणतो आणि खिडकीतून स्वतःला झोकून देतो, तेव्हा मुलगी सुटते. लिहिणारा विल्यम पीटर ब्लॅटी जेझुइट फादरांच्या विद्यापीठात शिकलेला कॅथलिक होता. त्याला मंत्र आणि प्रार्थना यांतला फरक कळत होता.

शास्त्रात तरी काय आहे? मार्कच्या शुभवर्तमानाचा 5 वा अध्याय काढ. कबरांत राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा माणूस. येशू त्याच्यातली भुतं काढतो, ती डुकरांत शिरतात, आणि सुमारे दोन हजार डुकरं समुद्रात बुडाल्यावर लोक बघायला येतात, तर तो कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला. आणि मार्क लिहितो की ते भ्याले. त्याला शांत बसलेला बघून भ्याले! मग येशूलाच विनवू लागले, आमच्या प्रांतातून जा. भूत परवडलं त्यांना. तुला सैतान जास्त खरा वाटतो म्हणतेस ना, तपासून बघ, तो सोयीचा म्हणून तर वाटत नाही? तो आपल्याला डुकरं सोडायला लावत नाही.

आणि तोच मार्क संपतो कुठे? बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत 16 व्या अध्यायाच्या 8 व्या वचनावर. बायका कबरेपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. झालं. पुनरुत्थानाची बातमी आणि शेवट भीतीवर. पुढची 12 वचनं मागाहून जोडलेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुणालातरी ती भीती सोसली नसावी.

असं शेपूट माझ्याही कथेला जोडलं गेलं. एका ख्रिस्ती मासिकानं ती छापली, मला न विचारता शेवटी पश्चात्तापाचा परिच्छेद घालून. मी भांडले आणि पुन्हा त्यांना काही पाठवलं नाही. दुसरीकडे तरी कुठे पाठवलं? वह्या कपाटात राहिल्या, उत्तरपत्रिका तपासण्यात नोकरी संपली. एवढ्याशा गोष्टीवरून अडून बसली, असं घरचेही म्हणतात. एवढीशी नव्हती ती! माझी बाई भ्यालेलीच राहणार होती आणि त्यांनी तिला परस्पर बरी करून टाकली. एक परिच्छेद चालवून घेतला असता तर नावावर चार पुस्तकं असती, हे मला कुणी सांगायला नको, झोप लागत नाही तेव्हा मीच हिशेब करते. तरी आज पुन्हा भांडेन.

तू मात्र कपाट वापरू नकोस. भांडून झालं की दुसऱ्या दारी जा, तिथेही भांड. पण भीती झाकायला खोटा शेवट चिकटवू नकोस, मी म्हटलं तरी नाही.

नर्सला नाव दे, 'ती, ती' किती वेळ? आणि जुन्या मिशन दवाखान्यात फरशीला फिनेलचा वास येतो, डेटॉलचा नाही. दुरुस्त करून नवी प्रत पाठव. पावलं थांबलेली दिसली तर वाचणार नाही.

तुझी,
बाई