रोजगार हमी कराची ती ओळ वाचली का?

जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्या एका वाचकाने यंदाचं घरपट्टीचं बिल पाठवलंय. राग आहे कचऱ्याच्या शुल्कावर. घंटागाडी गल्लीत आठवड्यातून एकदा फिरकते, मग पैसे कशाचे? नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, पाणीपट्टी मात्र बाराही महिन्यांची. ‘कोर्टात दावा टाकू का?’ मार्चअखेर जवळ आली की धुळे-नंदुरबारकडूनही हेच विचारणारी पत्रं येतात.

भाऊ, कचरा बाजूला ठेवा. बिलात ‘रोजगार हमी कर’ अशी एक ओळ आहे, ती तुम्ही वाचलेली दिसत नाही. हा उपकर राहत्या घराला नसतो, बिगरनिवासी वापरालाच लागतो. म्हणजे दफ्तरी तुमच्या घराचा काही भाग अजून व्यावसायिक आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की पुढच्या खोलीत वडिलांची पिठाची चक्की होती, ती बंद पडून सहा वर्षं झाली. नगरपरिषदेला कळवलं? नाही. मग कर निरीक्षकाने स्वप्नात येऊन चक्की बंद झाल्याचं बघायचं होतं का? शिक्षण कराचा दरही बिगरनिवासी वापराला चढा असतो. तुमचा खरा बोजा इथे आहे. कचऱ्याचं शुल्क त्यापुढे किरकोळ.

आता अडचणीची गोष्ट. चतुर्थ वार्षिक आकारणीची, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवण्याची, नोटीस दोन वर्षांपूर्वी आली होती आणि ‘ती कपाटात ठेवली’, हे तुमचेच शब्द. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १७० प्रमाणे बिलाविरुद्ध अपील चालायचं तर बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत ते दाखल व्हावं लागतं आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते. शिवाय घरपट्टीच्या बाबतीत आकारणीच्या नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत घेतलेली असावी लागते. पहिल्या दोन अटी धावपळ करून पाळता येतील. तिसरी आता कुठून आणणार? कपाटातली ती नोटीसच तुमची संधी होती.

दिवाणी दाव्याचं म्हणाल, तर आकारणीवरचा आक्षेप कायद्याने नेमून दिलेल्या वाटेनेच घ्यायचा असतो. करच मुळात बेकायदा असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमचं तसं वाटत नाही. दावा चालू शकतो की नाही, या एका मुद्द्यावरच तालुक्याच्या कोर्टात तारखांवर तारखा पडतील आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत राहील.

उरतं त्याच अधिनियमाचं कलम १२३. आकारणी यादीतली चूक वर्षाच्या मधेही दुरुस्त करता येते. मात्र दुरुस्तीचा लाभ साधारणपणे चालू आर्थिक वर्षापुरता मागे जातो, त्यापलीकडे नाही. म्हणून ३१ मार्चच्या आत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज गेलाच पाहिजे. एप्रिलमध्ये दिलात तर हेही वर्ष हातचं जाईल. मागच्या वर्षांचे पैसे परत मिळण्याची आशा मी तरी दाखवणार नाही.

अर्जात वापर बदलल्याचं लिहा आणि स्थळपाहणीची मागणी करा. पुराव्यात सगळ्यात वजनदार कागद म्हणजे चक्कीची वीजजोडणी कायमची बंद केल्याचं महावितरणचं पत्र. थ्री फेजचं मीटर अजून भिंतीवर असेल, तर आधी ते काढायला लावा; नाहीतर पाहणीला आलेला माणूस ‘चक्की आहे’ असंच लिहून जाईल. बिल अजून वडिलांच्या नावाने येतंय, तेव्हा वारस नोंदीचा अर्जही सोबतच द्या.

कचऱ्याचं शुल्क घनकचरा नियमांच्या आधारावर आहे, त्यामुळे ते सरसकट बेकायदा म्हणता येत नाही. घंटागाडी आली नाही म्हणून ते माफ होईल का, हे तुमच्या नगरपरिषदेच्या ठरावावर आणि उपविधींवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांवर, अवलंबून राहील. दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात दोन्हींच्या प्रती मागवा. पाणीपट्टीतही घरगुती दर लावलाय की व्यावसायिक, एवढं तपासा. पाणी कमी येतं म्हणून सूट मिळेलच, असं नाही.

बिल मात्र थकवू नका. ‘हरकत राखून भरणा करीत आहे’ असं पत्र देऊन पैसे भरा, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.