आंब्याच्या ओल्या ओंडक्यातून कोरलेली काठवट (पीठ मळायची लाकडी परात) वाळताना तडकते. काय चुकतं?

बहुतेक वेळा ओंडक्याचा गाभा आत राहतो म्हणून ती तडकते. ओंडका गाभ्यातून उभा चिरून दोन फाकी करा आणि गाभ्याकडचा बोटभर थर तासून टाकूनच कोरायला घ्या. लाकूड वाळताना खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने जितकं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. गाभ्याभोवतीची वर्तुळं अखंड राहिली की हा ताण कुठेतरी फुटून बाहेर येतोच. मी ओलं लाकूडच वाकसाने (आडव्या पात्याचं तासायचं हत्यार) आणि गोल पटाशीने कोरतो, कारण ते लोण्यासारखं कापलं जातं. खरी काळजी त्यानंतर. काठवटीची दोन्ही टोकं सर्वांत लवकर वाळतात. पहिली केसासारखी रेघ तिथेच दिसते. म्हणून:

- बूड आणि कडा सारख्या जाडीच्या ठेवा, साधारण बोटभर. जाड बूड आणि पातळ कड म्हणजे हमखास चीर.
- कोरून झाल्यावर तिच्याच ढलप्यांत घालून कागदी पिशवीत, सावलीत ठेवा. ऊन आणि पंखा दोन्ही नकोत.
- दर आठवड्याला वजन करा. ते उतरायचं थांबलं की वाळली; मग शेवटचा हात फिरवून जवसाचं कच्चं तेल चोळा. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, खवट होतं.

एवढं करूनही काठवट थोडी लंबगोल होईलच, आणि फांदीची गाठ कडेत आली असेल तर तिथे चीर पडू शकते. तसला तुकडा आधीच बाजूला काढा.