पन्हळ कुणी धरायची?

प्रश्न : पाच-सहा वर्षांच्या वीस मुलांना अर्ध्या कापलेल्या पाइपांतून पाणी एका बादलीतून दुसऱ्या बादलीत न्यायला दिलं. निम्मं पाणी जमिनीवर गेलं, दोघांनी सगळा ताबा घेतला आणि बाकीची पाणी उडवत बसली. काय बदलावं?

उत्तर : आधी गट लहान करा. एका गटात पाच मुलं : चौघांकडे एकेक पन्हळ, पाचवं ओतणारं. एका मोठ्या माणसाने एका वेळी दोनच गट पाण्यावर घ्यावेत, उरलेल्यांना कोरडं काम द्यावं.

२ इंची पीव्हीसी पाइपाचा ४५ सेंमीचा तुकडा उभा चिरला की दोन पन्हळी होतात. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. याहून लांब तुकडे नकोत. मीटरभर पन्हळ हाती आली की एखादं धीट मूल एकटंच काम उरकतं, मग ‘मिळून करा’ असं कितीही सांगा! बादल्यांत दीड मीटर अंतर ठेवलं की चारही पन्हळी जोडल्याशिवाय पाणी पोचतच नाही.

पाणी सांडतं ते बहुतेक सांध्यावर. वरच्या पन्हळीचं टोक खालचीच्या आत पाचेक सेंमी यायला हवं, कौलं बसवतात तसं. मुलं हटकून उलटं धरतात; मग पाणी सांध्यातून खाली गळतं. उतार एका पन्हळीला ३-४ सेंमी पुरे. जास्त दिला तर पाणी पुढची पन्हळ ओलांडून उडतं. मधल्या मुलाचे हात दमून खाली आले की तिथे खळगा होतो आणि पाणी साचून काठावरून जातं.

‘हळू ओत’ ही सूचना मात्र अर्धीच बरोबर. अगदी बारीक धार टोकाला चिकटून पन्हळीच्या खालच्या अंगाने मागे ओघळते. अर्धा लिटरचा मग साधारण दहा सेकंदांत रिकामा व्हावा. टोकाला बाहेरून मेण चोळलं तर ओघळ कमी होतो.

वर एक लिटर ओता आणि खाली पोचलेलं पाणी १०० मिलिच्या खुणा केलेल्या पारदर्शक बाटलीत मोजा. जमीन सुरुवातीला कोरडी हवी, म्हणजे कोणता सांधा गळतो ते ओला डागच सांगतो. ‘कुणी सांडलं?’ विचारलंत तर भांडण, ‘कुठे सांडलं?’ विचारलंत तर मुलं सांध्याकडे बघतात. उपाय सुचवायची घाई करू नका. प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं, कारण ओतण्याचं काम सगळ्यांनाच हवं असतं.

गुळगुळीत फरशीवर हा खेळ नको. खेळ संपताच बादल्या रिकाम्या करा. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं.

प्रश्न : पाणी वर चढतं का, असं मुलगी विचारते. काय दाखवावं?

उत्तर : मीटरभर पारदर्शक नळी पाण्यात पूर्ण बुडवून भरा, तोंडाने ओढू नका. एकाने एक टोक पाण्यातच धरायचं. दुसऱ्याने दुसरं टोक बोटाने बंद करून बादलीच्या काठावरून बाहेर, आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली न्यायचं आणि बोट काढायचं. पाणी काठ चढून वाहू लागतं. बाहेरचं टोक हळूहळू वर उचलायला सांगा : पातळीशी आलं की धार थांबते. आतलं टोक पाण्याबाहेर निघालं तर हवा शिरते आणि नळी पुन्हा भरावी लागते.